छापलेली बाजू

साळूबाईच्या हातगाडीवर उभे राहून श्रीरंगरावांनी डाव्या हाताने विजेचा खांब धरला आणि उजव्या हातातली सुरी नायलॉनच्या दोरीवर घासायला सुरुवात केली. सुरी कोथिंबिरीच्या जुड्यांची देठे कापायची होती. दोरी तिला दाद देत नव्हती. गाडी जराशी हलली तशी खालून साळूबाई ओरडली,

"सबुरीनं, काका! चाकाला धोंडा लावलाय, पर त्येचा काय भरवसा नाय."

श्रीरंगरावांचे वय अडुसष्ट. पाटबंधारे खात्यात टेबलाशी बसून अख्खी नोकरी काढलेली. घरात स्टुलावर चढून पंखा पुसायचा झाला तरी ते खाली कुणाला तरी उभे करायचे. आणि आज रविवारी सकाळी आठ वाजता, बीड बायपासच्या चौकात, शेजारून सिमेंटचे ट्रक धडधडत असताना ते हातगाडीवर उभे होते. त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर त्यांच्या बायकोचा चेहरा होता. तो चार फूट उंच होता.

कालपर्यंत त्या खांबाला एका नव्या गृहसंकुलाची जाहिरात होती, पोहण्याच्या तलावाचे चित्र असलेली. आठवड्यातून दोनदा टँकर येतो अशा वस्तीत तो तलाव कोण भरणार, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. आज तिथे अनसूयाबाई होत्या. फोटोखाली लिहिले होते: 'आईसाठी धाव! आमचा मित्र वरद पळतोय बेचाळीस किलोमीटर. कर्करोगाच्या संशोधनाला हातभार लावा.' त्याखाली शेंद्र्याच्या कंपनीतल्या मित्रमंडळाची नावे होती.

एवढ्यानेच श्रीरंगरावांच्या छातीत धस्स झाले असते. पण फ्लेक्सवाल्याने आणखी कलाकुसर केली होती. फोटोच्या दोन्ही बाजूंना तेवत्या समया, वरून ओघळणाऱ्या फुलांच्या पाकळ्या आणि चारी बाजूंनी काळी पट्टी. आपल्याकडे चौकात असा फोटो लागला की खालचा मजकूर कुणी वाचत नाही, वाचायची गरजच नसते.

साळूबाईनेही वाचला नव्हता. तिला वाचता येतही नव्हते. साडेसातला ते दुधाची पिशवी घ्यायला आले तेव्हा तिने मेथीची जुडी खाली ठेवून पदराने डोळे पुसले होते.

"काका, काकू कधी गेल्या हो? मंगळवारी तर रिक्षात बसताना दिसल्या व्हत्या मला."

"कुठं गेल्या?"

साळूबाईने खांबाकडे बोट दाखवले होते. श्रीरंगरावांनी वर पाहिले, आणि दुधाची पिशवी हातातून सुटली. ती फुटली नाही एवढेच.

"गेली नाही ती," ते म्हणाले होते. "घरी आहे. पोहे करतेय."

साळूबाईने फ्लेक्सकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले.

"मंग हे असं का टांगलंय?"

त्यांनी तिच्याकडे सुरी मागितली.

घाई होती, कारण अनसूयाबाईंना आज चौकात यायचे होते. महिन्यात त्यांनी स्वतःहून एवढी एकच गोष्ट मागितली होती. "रविवारी वरद पळत येणार आहे ना चौकात? मला तेवढं नेऊन आणा. रिक्षा नको, हळूहळू चालेन." श्रीरंगराव बरं म्हणून बसले होते. आता चौकात अनसूयाबाईंना स्वतःचाच चेहरा दिसला असता, समयांच्या मधोमध, आणि गेले आठ महिने श्रीरंगरावांनी जिवाचा आटापिटा करून जो शब्द घराबाहेर ठेवला होता तो खाली ठळक अक्षरात वाचायला मिळाला असता.

तो शब्द घरात कुणी उच्चारत नव्हते. आतड्याला सूज आहे, औषध लांबणार, दर मंगळवारी सलाईन घ्यावे लागणार, एवढेच अनसूयाबाईंना सांगितले होते. केस गेले तेव्हा औषधाची उष्णता म्हणून सांगितले. अशा आजारात माणूस आजाराआधी त्याच्या नावानेच खचतो, असे श्रीरंगरावांचे ठाम मत होते. त्यांच्या थोरल्या भावाच्या वेळी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. रिपोर्टांची फाइल त्यांनी पाण्याच्या जुन्या मोटारीच्या खोक्यात ठेवली होती. दवाखान्याच्या फाटकावर मोठी पाटी होती, रस्त्याच्या उजव्या अंगाला. म्हणून रिक्षात ते नेहमी अनसूयाबाईंना डावीकडे बसवायचे आणि स्वतः उजवीकडे बसून फाटक येईपर्यंत त्यांच्याशी काहीतरी बोलत राहायचे. सकाळचा पेपर आधी ते वाचायचे. आजाराबद्दल काही आलेले असले की ते पान शेगडीजवळच्या रद्दीत जायचे.

"आज पाचवं पान नाही का?" अनसूयाबाईंनी एकदा विचारले होते.

"पेपरवाल्याचा घोळ."

त्यानंतर त्यांनी कधी विचारले नाही. श्रीरंगरावांना त्याचे बरे वाटले होते. तिची जिज्ञासा कमी झाली म्हणजे मन शांत आहे, असा त्यांनी हिशेब लावला होता.

पहिली दोरी तुटली. फ्लेक्सचा वरचा कोपरा सुटून खाली आला आणि एक समई दुमडली गेली. श्रीरंगराव दुसऱ्या गाठीकडे सरकले. फोटो आता डोळ्यांच्या अगदी जवळ आला, आणि मघाशी घाबरण्याच्या नादात जे लक्षात आले नव्हते ते आले. हा वेरूळचा फोटो होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी काढलेला. अनसूयाबाईंचे डोळे उन्हाने बारीक झालेले आणि जाड वेणी पुढे खांद्यावर घेतलेली. मूळ फोटोत शेजारी ते स्वतः होते, इथे त्यांच्या शर्टाची बाही तेवढी कडेला उरली होती. हा फोटो त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आलं बगा पोरगं तुमचं!" साळूबाई म्हणाली.

बायपासच्या कडेने वरद येत होता. शेंद्र्याहून सहाला निघालेला. इथून पुढे छावणीपर्यंत जायचे, तिथून वळायचे आणि परत या चौकात येऊन थांबायचे. पांढरा टी-शर्ट अंगाला चिकटलेला, गालांवर घामाचे मीठ वाळलेले. डावा पाय तो किंचित जपून टाकत होता. शेजारून मोटारसायकलवर त्याच्या कंपनीतला काकासाहेब पाण्याच्या बाटल्या घेऊन चालला होता, हा नावाने काकासाहेब, वयाने वरदएवढाच.

चार महिन्यांपूर्वी वरदने गच्चीवर येऊन ही पळण्याची गोष्ट काढली होती, तेव्हा श्रीरंगराव संतापले होते. वरद चौतिसाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकणारा माणूस. कंपनीच्या कँटीनमध्ये बसून पोट सुटलेले. लोक दर किलोमीटरमागे काहीतरी देणार आणि ते सगळे संशोधन करणाऱ्या संस्थेला जाणार, असे तो सांगत होता.

"तुझ्या पळण्यानं तिला काय मिळणार?"

"आईला काही नाही मिळणार, बाबा," वरद म्हणाला होता. "पुढच्या कुणाला तरी मिळेल."

इतके कोरडे कसे बोलवते याला, असे श्रीरंगरावांना वाटले होते. पुढे दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नव्हते. शेवटी त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. आईला कळता कामा नये. तिला सांगायचे की डॉक्टरांनी शुगर काठावर आहे म्हणून पळायला लावले. अनसूयाबाईंनी ते सरळ मानले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे वरदला भिजवलेल्या मेथ्यांचे पाणी द्यायला सुरुवात केली. उठवत नसे त्या दिवशीही त्या उठायच्या. तो पळून आला की त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायच्या. एकदा त्याच्या अंगठ्याचे नख काळे पडून गळाले, तेव्हा ते हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या होत्या.

वरद चौकात येऊन थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने वर पाहिले.

"बाबा, उतरा खाली. पडाल."

"हे कुणी लावलं?"

काकासाहेबने गाडी स्टँडला लावली, फ्लेक्सकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, आईशप्पथ, मी फक्त मजकूर अन् फोटो पाठवला होता फोनवर. समया त्या पठ्ठ्यानं परस्पर टाकल्या. आईचा फोटो, खाली ह्या आजाराचं नाव, त्याला वाटलं असंल की..."

पुढचे त्याने गिळले. गडी आडदांड होता, पण रडायला आला होता. श्रीरंगरावांना त्याच्यावर चिडताही येईना.

"फोटो कुठून मिळाला?" त्यांनी वरदला विचारले.

वरद खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. ती सैल झालेली नव्हती.

"मावशीकडं होता. गंगापूरला."

"आणि आईनं हे बघितलं असतं म्हणजे?"

वरद उभा राहिला. "बाबा, तुम्ही एकदा..." एवढे बोलून तो थांबला. काकासाहेबने घड्याळ पाहिले. वरद बाटलीतले अर्धे पाणी प्यायला आणि उरलेले डोक्यावर न ओतता त्याने काकासाहेबकडे परत दिले. पाणी ओतायची सवय या वस्तीतल्या कुणालाच राहिली नव्हती.

"थांबलो तर पाय आखडतील," तो म्हणाला. "अकराला येतो. आईला आणणार ना?"

"बघू."

"आणा, बाबा. लई दिवस झाले तिला बाहेर येऊन."

तो गेला. चोवीस किलोमीटर अजून बाकी होते, आणि पाय आत्ताच दुखत होता. श्रीरंगरावांनी उरलेल्या दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली पडला. साळूबाईच्या मदतीने त्यांनी त्याची गुंडाळी केली आणि कापलेल्या दोरीनेच ती बांधली.

"चांगला जाड हाय," साळूबाई म्हणाली. "फेकू नका, काका. झाकायला व्हईल कायतरी."

घरी जाताना त्यांनी ठरवून टाकले. फ्लेक्स निघाला, पण सकाळपासून अर्ध्या कॉलनीने तो पाहिला होता. अनसूयाबाई चौकात गेल्या तर कुणीतरी भूत पाहिल्यासारखे त्यांच्याकडे पाहणार, कुणीतरी बोलून जाणार. शिवाय वरदच्या टी-शर्टवरही तोच शब्द छापलेला, हे त्यांनी आत्ताच पाहिले होते. अनसूयाबाईंना न नेणे हेच शहाणपणाचे होते.

रो-हाउसच्या ओट्यावर अनसूयाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी जांभळी नारायणपेठ नेसली होती. ती आता अंगावर दुप्पट वाटत होती. डोक्याला रुमाल नीट बांधलेला, मांडीवर पाण्याचा तांब्या आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. अकराला दोन तास होते, पण चपला आत्ताच पायात होत्या.

"एवढा वेळ दूध आणायला?"

"साळूबाईनं बोलण्यात गुंतवलं."

"आणि हे काय?"

"रस्त्यावर पडलं होतं. कुठल्यातरी पुढाऱ्याचं. म्हटलं, पिंपावर टाकायला होईल."

ते खरेच वाटण्यासारखे होते. फाटकाशेजारच्या निळ्या पिंपाचे झाकण उन्हाने तडकून गेले होते, आणि पाणी तापते, कावळे बसतात, म्हणून अनसूयाबाई पंधरा दिवस मागे लागल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून ते इथे आले तेव्हा बिल्डरने घरात सहा नळ दाखवले होते. नळ अजून होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला, बोअर आटली, आणि आता सगळी गल्ली टँकरवर आणि पिंपांवर चालत होती. त्यातली निम्मी पिंपे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांखाली झाकलेली होती.

त्यांनी गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि घसा साफ केला.

"आज ऊन फार आहे, बरं का. मला वाटतं, तू नको येऊस चौकात. येईलच की तो घरी."

अनसूयाबाईंनी आभाळाकडे पाहिले. फेब्रुवारीची सकाळ होती, ओट्यावर अजून गारवा होता.

"टँकरपण यायचाय," ते म्हणाले. "मग तुला सोडून..."

अनसूयाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या शर्टाच्या बाहीला खांबाचा गंज लागला होता, बोटाला सुरीचा बारीक ओरखडा होता. ते सगळे त्यांनी पाहिले.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग वाकून त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीकडेला एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या. वाकताना त्रास झाला, तरी श्रीरंगरावांना त्यांनी हात लावू दिला नाही. साडी मात्र बदलली नाही. डबा मांडीवर तसाच राहिला.

टँकर साडेदहाला आला. श्रीरंगरावांनी नळी धरून दोन्ही पिंपे काठोकाठ भरली, बादल्या भरल्या, सांडलेले पाणी कडुनिंबाच्या आळ्यात वळवले. कामात असले की त्यांना बरे वाटे. ओट्यावरून अनसूयाबाई फाटकाबाहेर, चौकाच्या दिशेने पाहत होत्या. तिथून चौक दिसत नव्हता, समोरच्या चार मजली अर्धवट इमारतीने तो झाकून टाकला होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी इमारतीपलीकडून फटाक्यांची लड वाजली. मग हलगी, शिट्ट्या. कुणीतरी वरदचे नाव घेऊन ओरडत होते.

"पोचला," अनसूयाबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. आवाज थांबेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. ओठ मात्र हलत होते.

श्रीरंगरावांना तिथे उभे राहवेना. काहीतरी करायचे म्हणून त्यांनी गुंडाळी उचलली आणि पिंपाकडे गेले. अनसूयाबाईंकडे पाठ करून, अंगाने आडोसा धरून त्यांनी दोरी सोडली. फ्लेक्स घाईघाईने पिंपावर पसरायचा आणि वर दगड ठेवायचे, असा बेत होता. चेहऱ्याचे नंतर बघता आले असते. त्यांनी पहिली घडी उलगडली. समईची वात दिसली.

"अहो," मागून आवाज आला. "छापलेली बाजू खाली करा."

"का?"

"उन्हानं उडेल फोटो. वेणीतला तेवढा एकच राहिलाय माझा. वरदला द्यायला फोटोंचा सगळा डबा उपसला, तेव्हा सापडला."

श्रीरंगरावांचे हात होते तिथेच थांबले. तो डबा कपाटात साड्यांच्या खाली असतो आणि त्याची किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या पिनेला असते, हे त्यांना चाळीस वर्षे माहीत होते. पाचवे पान आठवले. मेथ्यांचे पाणी आठवले, रोज पहाटे उठून, बिनतक्रार दिलेले. पुढच्या कुणाला तरी मिळेल, हे वाक्य वरदचे नव्हतेच, जुन्या साड्या देताना, उरलेली बादली शेजारी देताना तीच ते म्हणायची. आठ महिने घरात कुणाला तरी जपायचे चालले होते, आणि ते कोणाला, हे फक्त त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण सगळ्यात जास्त लागले ते भिंतीकडेला लावून ठेवलेल्या चपलांचे.

त्यांनी फ्लेक्स उलटा केला. चेहरा खाली पाण्याकडे गेला, वर नुसता पांढरा कापडासारखा भाग उरला. दोरीने त्यांनी तो पिंपाच्या गळ्याशी बांधला, गाठ दोनदा तपासली. मग ओट्याच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी येऊन बसले.

चौकातली हलगी आता गल्लीच्या तोंडाशी आली होती. वरदला खांद्यावर घेतले असावे. अनसूयाबाईंनी लाडवांच्या डब्याचे झाकण काढून पुन्हा लावले.

"मंगळवारी रिक्षात," श्रीरंगराव म्हणाले, "तू उजवीकडं बस."

अनसूयाबाईंनी डबा बाजूला ठेवला.

"तिकडनं ऊन येतं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात पुढे आला आणि श्रीरंगरावांच्या बाहीवरचा गंज झटकू लागला. "बसेन."